जुन्या खात्यातल्या सेटिंग्ज नव्या खात्यात कशा न्यायच्या

आमच्या कॉम्प्युटरवर बरीच वर्षं एकच खातं होतं आणि घरातले सगळे तेच वापरायचे. मग ठरलं की ज्याचं त्याचं खातं वेगळं करायचं. मी माझं काढलं, लॉगिन केलं, आणि समोर कोरं करकरीत विंडोज. वॉलपेपर नाही, बुकमार्क नाहीत, वर्डला शिकवलेले शब्द नाहीत, मराठी कीबोर्डसुद्धा नाही. म्हटलं, यात काय एवढं? जुन्या खात्याचा फोल्डर उचलायचा आणि नव्यावर टाकायचा. टाकला. 'रिप्लेस करू का?' असं विंडोजने जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा 'हो' म्हटलं. रीस्टार्ट केल्यावर नव्या खात्यात स्टार्ट मेनूच उघडेना. दोन दिवस झगडून शेवटी ते खातं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या खेपेला तेच काम एका दुपारी उरकलं. त्या वेळी अख्ख्या फोल्डरला हात लावला नाही. कोणती सेटिंग कुठे राहते ते बघितलं आणि एकेक वस्तू तिच्या तिच्या रस्त्याने नेली. ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मेनूंची नावं दोन्हींत थोडी इकडेतिकडे असतील, पण शोधल्यावर सापडतात.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- कॉम्प्युटरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड
- जुन्या खात्याचा चालू पासवर्ड (नुसता पिन पुरत नाही, पासवर्डही आठवायला हवा)
- एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह
- ईमेल आणि इतर सेवांचे पासवर्ड, आणि ओटीपी येतो तो मोबाइल
- कागद-पेन. खरंच. स्क्रीनवरचं आठवत नाही

पेन ड्राइव्हबद्दल एक सूचना. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. मेलच्या जुन्या फाइली आणि व्हिडिओ नेमके इथे अडकतात. ड्राइव्हवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फाइल सिस्टिम' बघा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर प्रश्न नाही.

१. प्रोफाइल म्हणजे काय, ते दोन मिनिटांत

सी ड्राइव्हवर 'युजर्स' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक खात्याचा एकेक फोल्डर. हेच ते प्रोफाइल. विंडोज एक्सपीच्या काळात हा फोल्डर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या नावाने असायचा. ते नाव आजही सी ड्राइव्हवर लपून बसलेलं असतं, पण उघडायला गेलात तर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं. काही बिघडलेलं नाही. जुन्या प्रोग्रामांना नव्या जागेकडे वळवण्यासाठी ठेवलेली ती नुसती पाटी आहे.

प्रोफाइलच्या आत तीन प्रकारचा माल असतो.

पहिला, डोळ्यांना दिसणारा: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. हा बिनधास्त कॉपी करता येतो.

दुसरा, 'अ‍ॅपडेटा' नावाचा लपवलेला फोल्डर. त्यात 'लोकल', 'लोकललो' आणि 'रोमिंग' असे तीन भाग. प्रोग्राम आपापल्या सेटिंग्ज इथे ठेवतात. यातलं थोडं न्यायचं, बरंचसं सोडून द्यायचं.

तिसरी, 'एनटीयुजर.डॅट' नावाची लपवलेली फाइल. विंडोज आपल्या आणि प्रोग्रामांच्या सेटिंग्ज ज्या मोठ्या वहीत नोंदवतं तिला रजिस्ट्री म्हणतात. तिचा तुमच्या खात्यापुरता भाग या एका फाइलीत असतो. लॉगिन केलं की विंडोज ती उघडून ठेवतं, लॉगआउट केलं की बंद करतं. माझ्या पहिल्या प्रयत्नाची माती इथेच झाली. प्रत्येक खात्याला विंडोज एक लांबलचक ओळख क्रमांक देतं, त्याला एसआयडी म्हणतात. या फाइलीच्या आतल्या परवानग्या त्या क्रमांकाला बांधलेल्या असतात. जुन्या खात्याची फाइल नव्या खात्यात टाकली की आतली कुलपं जुन्या मालकाची आणि बाहेर उभा नवा मालक, अशी गत होते. जुनं खातं पुसून त्याच नावाने नवीन काढलं तरी क्रमांक नवाच मिळतो. नाव सारखं असण्याला विंडोजच्या लेखी काडीची किंमत नाही.

म्हणून 'एनटीयुजर' या शब्दाने सुरू होणाऱ्या कुठल्याही फाइलीला हात लावायचा नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

एक्सपीमध्ये प्रोफाइल उचलून दुसरीकडे टाकायला 'कॉपी टू' असं बटण होतं. ते अजूनही जागेवर आहे, पण विंडोज ७ पासून साध्या खात्यांसाठी करडं पडलेलं असतं. व्हिस्टापासून 'विंडोज इझी ट्रान्सफर' नावाची सोय होती, ती विंडोज १० मध्ये काढून टाकली. त्यामुळे जुने सल्ले वाचून ही बटणं शोधत बसू नका.

२. नवीन खातं काढण्याआधी एक बटण दाबून घ्या

ही पायरी मला सगळ्यात उशिरा कळली, म्हणून इथे सगळ्यात आधी. भाषा, कीबोर्ड, तारखेची पद्धत या सेटिंग्ज एका खात्यातून पुढच्या खात्यांत पाठवायला विंडोजमध्येच बटण आहे. जुन्या खात्यात 'सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज' मध्ये जा आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' शोधा. उघडलेल्या छोट्या खिडकीत 'कॉपी सेटिंग्ज' असं बटण दिसेल. ते दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत खाली दोन चौकटी असतात: एक स्वागताच्या स्क्रीनसाठी, दुसरी नवीन खात्यांसाठी. दुसरीत टिक करा आणि ओके म्हणा.

हे फक्त यानंतर काढलेल्या खात्यांना लागू होतं. खातं आधीच काढून बसला असाल तर तिथे कीबोर्ड हाताने जोडावा लागेल. दोन मिनिटांचंच काम आहे, त्यासाठी खातं पुसू नका.

३. दोन खाती काढा, एक नाही

एक तुमचं नवीन खातं. आणि एक तात्पुरतं, नुसती हलवाहलव करण्यासाठी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रकारचं. कारण जुन्या किंवा नव्या खात्यात बसून कॉपी केलंत, तर त्या खात्याच्या बऱ्याच फाइली उघड्या असतात आणि 'फाइल वापरात आहे' असं सांगून विंडोज अडून बसतं. तिसऱ्या खात्यातून दोन्हीकडे मोकळेपणाने जाता येतं.

खातं काढायला 'सेटिंग्ज → अकाउंट्स → अदर युजर्स' (विंडोज १० मध्ये 'फॅमिली अँड अदर युजर्स'). 'अ‍ॅड अकाउंट' म्हटलं की विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल मागतं. तो द्यायचा नसेल तर 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' हा दुवा दाबा, आणि पुढच्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा'. तात्पुरत्या खात्याला नंतर 'चेंज अकाउंट टाइप' मधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड'च ठेवा.

आता नव्या खात्यात एकदा लॉगिन करा. हे चुकवू नका. खातं काढलं तरी त्याचा फोल्डर तयार होतो तो पहिल्या लॉगिनच्या वेळी. आपण हाताने त्या नावाचा फोल्डर बनवून ठेवला, तर विंडोज त्याला ओळख देत नाही आणि थोड्या वेगळ्या नावाचा दुसरा बनवतं. डेस्कटॉप पूर्ण दिसेपर्यंत थांबा, मग साइन आउट करा. 'स्विच युजर' नव्हे, साइन आउट.

फोल्डर कुठला कोणाचा, यात हमखास गोंधळ होतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं असतं. खात्याचं नाव मागाहून बदललं तरी फोल्डरचं बदलत नाही. आमच्याकडे 'युजर्स'मध्ये एका माणसाच्या नावाचे दोन फोल्डर होते आणि तिसऱ्याचा फोल्डर वेगळ्याच नावाने होता. अंदाज बांधू नका. त्या त्या खात्यात असताना विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि येणाऱ्या चौकटीत 'युजरप्रोफाइल' हा शब्द इंग्रजीत, सलग, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा. उघडेल तो फोल्डर त्या खात्याचा. नाव कागदावर लिहून घ्या.

४. जुन्या खात्यात शेवटची फेरी

तिसऱ्या खात्यात जाण्याआधी जुन्या खात्यात बसून काही गोष्टी बाहेर काढून ठेवायच्या आहेत, कारण त्या फक्त आतूनच निघतात. यातला मुख्य प्रकार म्हणजे पासवर्ड.

क्रोम आणि एजमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोज तुमच्या खात्याच्या किल्लीने बंद करून ठेवतं. ही किल्ली तुमच्या लॉगिन पासवर्डशी जोडलेली असते. क्रोमचा फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या खात्यात नेला तर बुकमार्क दिसतात, हिस्टरी दिसते, पासवर्डांची यादी मात्र रिकामी. मी तासभर 'फाइल नीट कॉपी झाली नसेल' म्हणून पुन्हा पुन्हा कॉपी करत बसलो होतो. फाइल नीटच झाली होती.

यावर दोन रस्ते. ब्राउझरमध्ये गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सिंक चालू करायचं. नव्या खात्यात पुन्हा साइन इन केलं की सगळं उतरतं. हा सोपा. सिंक नको असेल तर ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट पासवर्ड्स' आहे. त्यातून एक सीएसव्ही फाइल मिळते, ती नव्या खात्यात 'इम्पोर्ट' करायची. या फाइलीत तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. कोणीही नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकतं. तेव्हा काम झालं की शिफ्ट दाबून डिलीट करा म्हणजे ती रीसायकल बिनमध्ये पडून राहणार नाही, आणि पेन ड्राइव्हवरची प्रतही आठवणीने काढा. बुकमार्कही एचटीएमएल फाइल म्हणून असेच बाहेर काढता येतात.

आणखी एक धोका, जो कोणी सांगत नाही. जुन्या स्थानिक खात्याचा पासवर्ड आठवत नाही म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून तो जबरदस्तीने बदलू नका. तसं केल्यावर लॉगिन होतं, पण वर म्हटलेली किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली असल्याने साठवलेले पासवर्ड, वैयक्तिक सर्टिफिकेटं आणि विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या फाइली हाताबाहेर जातात. आधी पासवर्ड आठवण्याचा प्रयत्न करा, सगळं बाहेर काढा, मग काय बदलायचं ते बदला.

फायरफॉक्सचं गणित वेगळं आणि, माझ्या मते, शहाणपणाचं. तो पासवर्ड आणि त्यांची किल्ली दोन्ही आपल्या प्रोफाइल फोल्डरमध्येच ठेवतो. त्यामुळे फोल्डरमधला माल नेला की पासवर्डांसकट सगळं जातं. फायरफॉक्सच्या 'हेल्प' मेनूत 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर' असं बटण आहे. जागा लिहून घ्या, फायरफॉक्स पूर्ण बंद करा. नव्या खात्यातही एकदा फायरफॉक्स उघडून तिथल्या प्रोफाइल फोल्डरचं नाव बघा आणि बंद करा. मग तिसऱ्या खात्यातून जुन्या फोल्डरच्या आतलं सगळं नव्याच्या आत कॉपी करा. आतलं, फोल्डर नव्हे. दोघांची नावं वेगळी असतात. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रामही याच पद्धतीने हलतो. पण किल्ली फोल्डरमध्येच असल्याने घरात दुसऱ्या कोणाला तुमचा फायरफॉक्स फोल्डर उचलता आला तर पासवर्डही जातात. 'प्रायमरी पासवर्ड' लावून ठेवलात तर बरं.

जुन्या खात्यात असतानाच थीमही काढून घ्या. 'सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → थीम्स' मध्ये चालू थीम सेव्ह करा, मग तिच्यावर राइट-क्लिक करून 'सेव्ह फॉर शेअरिंग' म्हणा. वॉलपेपर, रंग, आवाज एका फाइलीत बांधले जातात. नव्या खात्यात तिच्यावर दोनदा क्लिक केलं की झालं.

५. फाइली हलवणं

आता तिसऱ्या खात्यात लॉगिन करा. खरं तर आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि थेट तिसऱ्याच खात्यात जा, म्हणजे बाकीची दोन्ही नक्की बंद असतील. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून लपवलेल्या गोष्टी दिसतील असं करा.

जुन्या खात्याचा फोल्डर उघडताना 'तुम्हाला परवानगी नाही, पुढे जायचं?' असं विचारलं जाईल. 'कंटिन्यू' म्हणा. हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहील, घाबरू नका.

सगळ्यात आधी अख्ख्या जुन्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. अ‍ॅपडेटासकट. कॉपी करताना 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' नावाच्या फोल्डरवर अडलं तर वगळा. तीही वर सांगितल्यासारखी पाटीच आहे, आणि ती पुन्हा आपल्याच घराकडे बोट दाखवते. काही कॉपी करणारे प्रोग्राम त्या बोटामागे जाऊन आत, आणखी आत, आणखी आत असे फिरत बसतात आणि डिस्क भरून टाकतात. कमांड लाइनची सवय असलेल्यांनी रोबोकॉपी वापरावी आणि असे दुवे वगळणारा 'एक्सजे' पर्याय लावावा.

मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डाउनलोड्स यांच्या आतला माल नव्या खात्याच्या त्याच नावाच्या फोल्डरांत कॉपी करा. कट-पेस्ट नको. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की तिच्या जुन्या परवानग्याही सोबत येऊ शकतात आणि नव्या खात्यात 'अ‍ॅक्सेस डिनाइड'चा खेळ सुरू होतो. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते.

वनड्राइव्ह (फाइली इंटरनेटवर ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) चालू असेल तर इथे थांबा. त्याचा बॅकअप लावलेला असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात आणि तुम्हाला नेहमीच्या जागी रिकामे फोल्डर दिसतात. शिवाय ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या डिस्कवर नसतातच, नुसतं नाव असतं. तिसऱ्या खात्यातून त्या कॉपी होत नाहीत. जुन्या खात्यात जाऊन फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरेपर्यंत थांबा, मग परत या. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच असते, त्यामुळे 'सगळं वर आहेच की' असं गृहीत धरू नका.

६. अ‍ॅपडेटातून काय उचलायचं

अख्खा अ‍ॅपडेटा नेऊ नका. त्यात गिगाबाइटच्या गिगाबाइट तात्पुरता कचरा असतो, आणि 'लोकल'मधल्या 'पॅकेजेस'मध्ये स्टोअरमधल्या अ‍ॅपांचा माल असतो, जो त्या त्या खात्याशी बांधलेला. माझा स्टार्ट मेनू बंद पडण्यात याचाही हात असणार.

मी उचललं ते असं. सगळं 'रोमिंग → मायक्रोसॉफ्ट' या फोल्डरच्या आत सापडतं:

- 'सिग्नेचर्स': आउटलुकमधल्या सह्या
- 'टेम्प्लेट्स': वर्डचा 'नॉर्मल' साचा. फॉन्ट, समास, स्टाइल, मॅक्रो यातच
- 'यूप्रूफ': वर्डला 'हा शब्द शब्दकोशात घाल' असं सांगून जमवलेले शब्द

तो शेवटचा फोल्डर माझ्यासाठी सोन्यासारखा. मराठी नावं आणि आडनावं लाल रेघेतून सोडवायला मी काही वर्षं घालवली होती. ती एका छोट्या साध्या मजकुराच्या फाइलीत होती आणि कॉपी करायला एक सेकंद लागला.

हे करताना नव्या खात्यात वर्ड आणि आउटलुक एकदा उघडून बंद केलेले असू द्या, म्हणजे फोल्डर तयार असतात.

आउटलुकच्या मेलबद्दल थोडक्यात: पीएसटी फाइली ('डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये बघा) न्यायच्या, ओएसटी फाइली सोडून द्यायच्या. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, खातं जोडलं की आपोआप नव्याने बनते. मेलचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागेलच.

स्टिकी नोट्ससाठी फाइली शोधण्यापेक्षा जुन्या खात्यात त्या अ‍ॅपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा, नोट्स वर जाऊ द्या, आणि नव्यात उतरवा. चार-पाचच नोट्स असतील तर सरळ नोटपॅडमध्ये चिकटवा.

७. फॉन्ट गायब झाले तर

देवनागरीत लिहिणाऱ्या माणसाला हे हमखास भेटतं. नव्या खात्यात जुनं पत्र उघडलं की अक्षरं वेगळीच, किंवा जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरलेला असेल तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. फाइल बिघडलेली नसते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटलं की तो फक्त त्या खात्यापुरता बसतो. असे फॉन्ट अ‍ॅपडेटातल्या 'लोकल → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → फॉन्ट्स' मध्ये असतात. तिथून 'युजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये कॉपी करा, सगळे निवडून राइट-क्लिक करा आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स'. विंडोज ११ मध्ये हा पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत दडलेला असू शकतो. यापुढे कुठलाही फॉन्ट असाच टाका, पुढच्या खात्याच्या वेळी हा धडा पुन्हा गिरवायला लागणार नाही.

८. रजिस्ट्रीतली सेटिंग (लागली तरच)

काही प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज फाइलीत न ठेवता रजिस्ट्रीत ठेवतात. पुट्टी हा दूरच्या सर्व्हरला जोडण्याचा प्रोग्राम याचं नेहमीचं उदाहरण. त्याची सगळी साठवलेली सेशन्स रजिस्ट्रीत असतात. बहुतेकांना ही पायरी लागत नाही. नसेल लागत तर सोडून पुढे जा, मी मनापासून सांगतो.

लागली तर: जुन्या खात्यात 'रेजएडिट' (रजिस्ट्री बघण्या-बदलण्याचा विंडोजचा प्रोग्राम) उघडा, 'करंट युजर' शाखेतल्या 'सॉफ्टवेअर'खाली फक्त त्या प्रोग्रामची फांदी निवडा आणि 'एक्स्पोर्ट' करा. अख्खी शाखा एक्स्पोर्ट केलीत तर तो एनटीयुजर.डॅट मागच्या दाराने आणल्यासारखाच प्रकार झाला. आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून जुन्या खात्याच्या फोल्डरचं नाव कुठे आलंय का ते शोधा, असेल तर नवं नाव घाला. मग नव्या खात्यात लॉगिन करून तिच्यावर दोनदा क्लिक करा. हे करताना 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नको. नवं खातं स्टँडर्ड असेल आणि तुम्ही दुसऱ्याच्या पासवर्डने रेजएडिट उघडलंत, तर 'करंट युजर' म्हणजे तो दुसरा होतो आणि सेटिंग्ज भलत्याच घरी जाऊन पडतात.

९. जे हलत नाही, त्यासाठी भांडू नका

'कुठली फाइल कशात उघडायची' ही निवड विंडोज खात्यागणिक एका पडताळणीच्या चिन्हासह ठेवतं, ती कॉपी केली तरी मानत नाही. 'डिफॉल्ट अ‍ॅप्स'मध्ये जाऊन हाताने निवडा. पिन, बोटाचा ठसा, चेहरा पुन्हा द्यावा लागतो. टास्कबारवरची चिन्हं पुन्हा लावा; ती कॉपी करण्याच्या युक्त्या आहेत, पण युक्ती वाचेपर्यंत चिन्हं लावून होतात. नेटवर्कवरचे ड्राइव्ह पुन्हा जोडा. वायफायचा पासवर्ड सहसा पुन्हा मागितला जात नाही, कारण तो साधारणपणे सगळ्या खात्यांसाठी मिळून साठवलेला असतो.

काही प्रोग्राम नव्या खात्यात दिसणारच नाहीत. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसलेले सगळ्यांना मिळतात, पण हल्ली बरेच प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाळण्यासाठी अ‍ॅपडेटाच्या आतच बसतात. त्यांचे फोल्डर कॉपी करून चालवायला जाऊ नका, नव्याने इन्स्टॉल करा.

लिनक्स वापरणाऱ्यांना हे सगळं वाचून हसू आलं असेल. तिथे होम फोल्डरमधले टिंबाने सुरू होणारे फोल्डर कॉपी करायचे आणि 'चओन' आज्ञेने मालकी नव्या खात्याला द्यायची, बहुतांश काम तेवढ्यात होतं. मालकी बदलायला विसरलात तर मात्र लॉगिनच्या पडद्यावरून पुढे सरकणार नाही.

१०. जुनं खातं कधी आणि कसं काढायचं

लगेच नाही. मी एक महिना ठेवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात एक सर्टिफिकेट आठवलं जे जुन्या खात्यातूनच एक्स्पोर्ट करावं लागलं. वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी अशाच राहून जातात: कर भरण्याचं काहीतरी, स्कॅनरची सेटिंग, जुन्या खेळाचा सेव्ह.

काढताना 'युजर्स'मधला फोल्डर एक्सप्लोररमधून डिलीट करू नका. फोल्डर जातो, पण विंडोजच्या यादीत त्या प्रोफाइलची नोंद तशीच राहते, आणि पुन्हा कधी त्या खात्यात लॉगिन केलं तर तात्पुरतं प्रोफाइल उघडतं, ज्यात केलेलं काम साइन आउट केलं की पुसलं जातं. 'सेटिंग्ज → अकाउंट्स → अदर युजर्स' मध्ये जाऊन 'रिमूव्ह' दाबा. ते खातं आणि फोल्डर दोन्ही एकदम काढतं. दाबण्याआधी बाहेरच्या डिस्कवरची प्रत उघडून दोन-चार फाइली खरंच उघडतात का ते बघा.

तिसरं, तात्पुरतं खातं मी काढलं नाही. रोजचं खातं स्टँडर्ड आहे, त्यामुळे एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतोच. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवला आहे.